एक वर, एक खाली

प्रवाळभित्तीवर भाल्याने मासे मारायला दोघे मित्र निघतात, तेव्हा अनुभवी माणसं त्यांना एक सल्ला हमखास देतात: दोघांत मिळून भाल्याची बंदूक एकच न्या. नवख्याला हे पटत नाही. एवढ्या लांब बोटीने जायचं आणि एकाने नुसतं बघत राहायचं? पण दोन बंदुका असल्या की दोघंही मासे शोधायला लागतात. दोघांचेही डोळे कपारींत गुंततात आणि बुडी मारलेल्या माणसाकडे कुणाचंच लक्ष राहत नाही. बंदूक एकच असली की कामं आपोआप वाटली जातात. एक जण बुडी मारतो. दुसरा वर तरंगत, तोंड पाण्यात घालून, त्याच्यावर नजर ठेवतो. पहिला वर येऊन नीट श्वास घेऊ लागला की मगच बंदूक दुसऱ्याच्या हातात जाते. 'एक वर, एक खाली' या नावाने ही पद्धत ऑस्ट्रेलियापासून हवाईपर्यंत ओळखली जाते.

या शिकारीत पाठीवर हवेची टाकी नसते. डोळ्यांवर आणि नाकावर मास्क, तोंडात स्नॉर्केल, पायांत लांब फिन्स, कमरेला शिशाच्या वजनांचा पट्टा आणि हातात भाला किंवा रबराने ताणलेली स्पिअरगन, एवढाच सरंजाम. किती खोल जायचं, किती वेळ थांबायचं, कोणत्या माशाच्या मागे लागायचं, हे सगळं छातीत भरून नेलेला एक श्वास ठरवतो. ही मर्यादा माणसाला राखते आणि प्रवाळभित्तीलाही राखते. मात्र ती आपोआप पाळली जात नाही, कुणीतरी ती सांभाळावी लागते. माणसासाठी ती त्याचा मित्र सांभाळतो. भित्तीसाठी ती कायद्याने आणि शिकाऱ्याच्या स्वतःच्या शिस्तीने सांभाळावी लागते.

पोटासाठी आणि हौसेसाठी

पोटासाठी भाला घेऊन समुद्रात उतरणाऱ्या लोकांचा इतिहास फार जुना आहे. इंडोनेशिया, मलेशिया आणि फिलिपिन्सच्या समुद्रात राहणारे बजाऊ लोक आजही लाकडी चौकटीचे चष्मे लावून, घरी घडवलेल्या लाकडी बंदुकी घेऊन भित्तीवर उतरतात. त्यांच्यातले पाणबुडे कामाच्या वेळेपैकी सुमारे ६० टक्के वेळ पाण्याखाली असतात, असं अभ्यासकांनी मोजलं आहे. मेलिसा इलार्डो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुलावेसी बेटावरच्या बजाऊंची सोनोग्राफी केली आणि २०१८ साली 'सेल' या नियतकालिकात निष्कर्ष मांडले. शेजारच्या, शेतीवर जगणाऱ्या सालुआन लोकांच्या तुलनेत बजाऊंची प्लीहा सुमारे ५० टक्क्यांनी मोठी निघाली. विशेष म्हणजे कधीही बुडी न मारणाऱ्या बजाऊंचीही प्लीहा मोठीच होती. म्हणजे हा फरक सरावाने आलेला नव्हता, तो पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीतून रक्तात उतरला होता. प्लीहेचा आणि दमाचा काय संबंध, ते पुढे येईलच.

हौसेची शिकार मात्र अलीकडची आहे. १९३०च्या दशकात फ्रान्सच्या भूमध्य किनाऱ्यावर गाय गिलपॅट्रिक हा अमेरिकन लेखक चष्मा लावून, भाला घेऊन मासे मारत असे. १९३८ साली त्याने त्यावर पुस्तकही लिहिलं. त्याच्या आदल्या वर्षी हान्स हास नावाच्या व्हिएन्नाच्या १८ वर्षांच्या मुलाने त्याला शिकार करताना पाहिलं आणि या नादाने त्याचं आयुष्यच बदललं. १९३९ साली हास दोन मित्रांना घेऊन कॅरिबियनमधल्या क्युरासाव आणि बोनेर या बेटांवर गेला. हातात भाला होता आणि जलरोधक डबीतला कॅमेराही. तिथे असतानाच युरोपात महायुद्ध पेटलं आणि परतीचा सरळ मार्ग बंद झाला. अमेरिका, जपान आणि सायबेरिया असा वळसा घालून ते घरी पोचले. हासने पुढे पाण्याखालच्या चित्रीकरणात नाव कमावलं.

त्याच सुमारास तुलाँ बंदरात फिलिप ताइये, झाक कूस्तो आणि फ्रेदेरिक द्युमा हे तिघं मित्र असेच भाले घेऊन समुद्रात उतरत होते. द्युमा त्यांच्यातला पट्टीचा शिकारी. १९४३ साली कूस्तोने एमिल गान्यान या अभियंत्यासोबत ॲक्वालंग तयार केलं आणि माणसाला टाकीतली हवा घेऊन पाण्याखाली फिरता येऊ लागलं. एका श्वासाची मर्यादा त्या दिवसापासून ऐच्छिक झाली. त्याचे परिणाम भित्तीवर काय झाले, हेही पुढे पाहू.

दमाचं गणित

चेहरा पाण्यात गेला आणि श्वास रोखला की शरीर स्वतःहून काटकसर सुरू करतं. हृदयाचे ठोके मंदावतात. हातापायांच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्त मेंदू व हृदयाकडे वळतं. प्लीहा आकुंचन पावते आणि तिच्यात साठलेल्या तांबड्या पेशी रक्तात सोडते. या पेशी ऑक्सिजन वाहून नेतात, म्हणून मोठी प्लीहा म्हणजे मोठी शिल्लक. सील आणि देवमाशांत हीच यंत्रणा अधिक विकसित झालेली आहे. माणसात ती कमी प्रमाणात असली तरी प्रत्येकात आहे.

श्वास घ्यावासा वाटतो तो मात्र ऑक्सिजन कमी झाल्यामुळे नव्हे. रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढला की मेंदू कळ लावतो, छातीत उसळी येते आणि पोटाचे स्नायू उडायला लागतात. बुडीपूर्वी भराभर खोल श्वास घेतले की जास्त वेळ राहता येतं, असा एक समज आहे. तो जीवघेणा आहे. निरोगी माणसाचं रक्त साध्या श्वासावरच ऑक्सिजनने जवळजवळ पूर्ण भरलेलं असतं. भराभर श्वासांनी त्यात फारशी भर पडत नाही, फक्त कार्बन डायऑक्साइड धुऊन जातो. मग इशाऱ्याची घंटा उशिरा वाजते आणि ऑक्सिजन मात्र नेहमीच्याच वेगाने संपत राहतो. माणसाला अगदी आरामशीर वाटत असतं आणि त्याच आरामात त्याची शुद्ध हरपते.

खोलीमुळे हा धोका आणखी गुंतागुंतीचा होतो. पृष्ठभागावर हवेचा दाब एक ॲटमॉस्फिअर असतो. दर १० मीटरला त्यात एकाची भर पडते. १० मीटरवर दाब दुप्पट, फुप्फुसं निम्मी. २० मीटरवर दाब तिप्पट, फुप्फुसं तिसऱ्या हिश्शाएवढी. आता समजा, २० मीटरवर थांबलेल्या शिकाऱ्याच्या फुप्फुसांतला ऑक्सिजन ४ टक्क्यांवर आला आहे. दाब तिप्पट असल्यामुळे शरीराला तो पृष्ठभागावरच्या १२ टक्क्यांसारखा मिळतो. उंच डोंगरावर चढलेल्या माणसाला मिळतो साधारण तेवढा. शुद्धीवर राहायला तो पुरतो. पण वर येताना दाब उतरत जातो. पृष्ठभाग गाठेपर्यंत त्या ४ टक्क्यांचे खरोखरच ४ टक्के उरतात, आणि तेवढ्यावर मेंदू चालत नाही. शेवटच्या १० मीटरमध्ये तर दाब थेट निम्मा होतो. शिकारी तळाशी असताना त्याला काही होत नाही. तो संकटात सापडतो तो वर येताना, पृष्ठभागाच्या जवळ, आणि पुष्कळदा पृष्ठभागावर पोचल्यावर पहिला श्वास घेतल्यानंतरही. कारण फुप्फुसांत आलेला नवा ऑक्सिजन मेंदूपर्यंत पोचायला काही सेकंद लागतात.

शुद्ध हरपणाऱ्याला हे आधी कळत नाही. त्यामुळे स्वतःला सावरण्याचा प्रश्नच येत नाही. सावरायला दुसरा माणूस लागतो.

वरचा माणूस

गावाकडे विहिरीत पोहायला शिकवताना कमरेला दोर बांधतात आणि एक जाणता माणूस काठावर दोर धरून उभा असतो. प्रवाळभित्तीवर वर तरंगणारा मित्र हाच माणूस असतो, फक्त त्याच्या हातात दोर नसतो. त्याचं सगळं काम नजरेवर चालतं, म्हणून ती नजर क्षणभरही ढळता कामा नये.

त्याने काय पाहायचं, हे ठरलेलं आहे. मित्र नेहमीपेक्षा जास्त वेळ तळाशी आहे का? वर येताना पायांची लय बिघडली का, हात सैल पडले का, तोंडातून अचानक बुडबुडे सुटले का? यातलं काहीही दिसलं तर वाट पाहायची नाही, लगेच खाली जाऊन गाठायचं. म्हणूनच मित्राला ज्या खोलीपर्यंत सहज जाता येतं, त्यापेक्षा खोल आपण शिकार करायची नाही. त्याला पोचता येणार नसेल तर त्याचं पाहणं निरुपयोगी ठरतं. मित्र वर आला तरी पुढची ३० सेकंदं नजर त्याच्या चेहऱ्यावरच ठेवायची. डोळे शून्यात गेले, ओठ निळे पडले, मान किंवा हात थरथरू लागले, तर त्याला लगेच आधार द्यायचा.

शुद्ध हरपलीच तर पहिल्या काही सेकंदांत बहुधा घशातली स्वरयंत्राची झडप मिटते आणि पाणी फुप्फुसांत जात नाही. ही अवधी देणारी व्यवस्था निसर्गाने ठेवली आहे, पण ती फार वेळ टिकत नाही. मित्राने त्याच्या कमरेचा वजनाचा पट्टा सोडायचा, त्याला वर आणायचं, तोंड पाण्याबाहेर धरायचं, मास्क काढायचा, गालावर हलकी थाप द्यायची, डोळ्यांखाली फुंकर घालायची आणि त्याचं नाव घेऊन 'श्वास घे' असं मोठ्याने सांगायचं. बऱ्याचदा एवढ्याने माणूस दचकून श्वास घेतो. नाही घेतला तर तोंडाने श्वास द्यायला लागायचं. हे सगळं करायला हाताच्या अंतरावर माणूस हवा. बोटीवर बसून चहा पिणारा साथीदार कितीही जिवलग असला तरी त्या क्षणी उपयोगाचा नाही.

याला जोडून आणखी दोन नियम येतात. बुडीत जेवढा वेळ गेला त्याच्या निदान दुप्पट वेळ वर विश्रांती घ्यायची. आणि वजनाचा पट्टा इतकाच जड ठेवायचा की पृष्ठभागावर श्वास सोडला तरी शरीर तरंगत राहील.

भित्तीच्या कडेला

एक बुडी जवळून पाहू. ठिकाण ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड किनाऱ्यासमोरची ग्रेट बॅरिअर रीफ. सुमारे २३०० किलोमीटर लांबीच्या या पट्ट्यात जवळजवळ २९०० वेगवेगळ्या भित्ती आहेत. दोघं मित्र आधी नकाशा उघडतात. इथल्या सागरी उद्यानाचे रंगांनुसार विभाग पाडलेले आहेत. हिरव्या विभागात मासेमारीच चालत नाही. २००४ साली झालेल्या फेरआखणीत अशा संरक्षित विभागांचं प्रमाण उद्यानाच्या एक तृतीयांशापर्यंत वाढवण्यात आलं. आपण हिरव्यात नाही याची खात्री झाली की बोट नांगरायची, पाणबुडे खाली असल्याचा निळा-पांढरा झेंडा लावायचा, आणि उतरायचं.

बंदूक पाण्यातच भरायची, बोटीवर कधीही नाही. बोटीवर चढण्याआधी ती पाण्यातच मोकळी करायची. भरलेल्या बंदुकीचं टोक मित्राच्या दिशेने वळता कामा नये. तिला लांब दोरी बांधलेली असते आणि दोरीच्या दुसऱ्या टोकाला पृष्ठभागावर तरंगणारा बोया असतो.

पहिला मित्र पालथा पडून दोन-तीन मिनिटं शांत श्वास घेतो. शेवटचा श्वास भरतो, स्नॉर्केल तोंडातून काढतो, कमरेत वाकतो, पाय हवेत उचलतो आणि त्या वजनानेच खाली सरकतो. दर मीटर-दीड मीटरला नाक चिमटीत धरून कानांतला दाब मोकळा करतो. पहिले काही मीटर फिन्स मारावे लागतात. पुढे फुप्फुसं आकसली की शरीर आपोआप बुडू लागतं. १२ मीटरवर प्रवाळाच्या एका ढिगाऱ्याशेजारी वाळूचा तुकडा आहे. तिथे तो पालथा पडतो आणि हालचाल थांबवतो.

मासा पाठलागाने मिळत नाही. पोहण्यात माशाशी माणूस काय बरोबरी करणार? मिळतो तो माशाच्या कुतूहलाने. काही क्षणांत कपारीतून कोरल ट्राउट डोकावतो. हा आपल्या गोबऱ्याच्या कुळातला. अंग लालभडक, त्यावर बारीक निळे ठिपके. पण इथे तो तपकिरी दिसतो, कारण सूर्यप्रकाशातला लाल रंग पाण्याने वरच्या थरातच गिळलेला असतो. मास्कच्या काचेतून तो आहे त्यापेक्षा तिसऱ्या हिश्शाने मोठा आणि पाव हिश्शाने जवळ भासतो. नवख्याचा भाला म्हणूनच तोकडा पडतो, आणि नवखा लहान माशालाही मोठा समजून मारतो. जाणकार थांबतो, नजरेला नजर भिडवत नाही. मासा आडवा वळला की डोळ्याच्या मागे, कण्याच्या रेषेवर नेम धरतो.

भाला लागला तरी खरी परीक्षा पुढेच असते. घायाळ मासा कपारीत घुसतो, सळई अडकते, दोरी प्रवाळाला वेढा घालते. हातात आलेला मासा जाईल म्हणून शिकारी आणखी दहा सेकंदं थांबतो, जोर लावतो. जोर लावला की ऑक्सिजन झपाट्याने जळतो. याच दहा सेकंदांनी कित्येक तरबेज पाणबुड्यांचा जीव घेतला आहे. नियम असा, की बंदूक सोडून द्यायची आणि वर यायचं. बोया आणि दोरी तिला धरून ठेवतात. दुसरी बुडी मित्र मारेल, तो ताजा दम घेऊन जाईल.

मासा वर आला की डोक्यात सुरीचं टोक खुपसून त्याला तत्काळ मारतात. त्यामुळे त्याचे हाल थांबतात, मांस चांगलं राहतं आणि त्याची धडपड ऐकून येणाऱ्या शार्कांना आमंत्रणही जात नाही. शिकार कमरेला बांधत नाहीत, बोयाला अडकवतात. करडा रीफ शार्क पाठीची कमान करून, छातीचे पर खाली ओढून, झोकांड्या देत पोहू लागला तर तो धमकावतो आहे असं समजायचं. अशा वेळी दोघांनी एकमेकांजवळ यायचं, तोंड त्याच्याकडे ठेवायचं आणि सावकाश मागे सरायचं. मासा मागत असेल तर मासा देऊन टाकायचा.

कोणता मासा सोडायचा

गळ आणि जाळं निवड करू शकत नाहीत. भाला करू शकतो. सोडण्याच्या माशावर नेम धरायचाच नाही, ही सोय या एकाच पद्धतीत आहे. म्हणूनच शिकाऱ्याची जबाबदारी मोठी.

कोरल ट्राउट जन्मतः मादी असतो. वाढल्यावर काही माद्यांचे नर होतात. पोपट माशांच्या बऱ्याच जातींतही हेच घडतं. भित्तीवर सर्वांत मोठा, सर्वांत भडक रंगाचा दिसणारा मासा बहुधा नर असतो आणि शिकाऱ्याचं लक्ष नेमकं त्याच्याकडे जातं. असे नर एकामागून एक गेले की माद्या लहान वयातच नर होऊ लागतात, मोठ्या माद्या कमी उरतात आणि अंड्यांची संख्या घटते. क्वीन्सलँडमध्ये सामान्य कोरल ट्राउट ३८ सेंटिमीटरपेक्षा लहान असेल तर धरता येत नाही. ऑक्टोबर आणि नोव्हेंबरमध्ये अमावास्येच्या सुमारास हे मासे अंडी घालायला जमतात, तेव्हा काही दिवस त्यांची मासेमारीच बंद असते. हंपहेड रास, पोटॅटो कॉड आणि राक्षसी गोबरा यांना तिथे हात लावायचा नाही. राक्षसी गोबरा भारतातही वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे. हे मासे दीर्घायुषी, सावकाश वाढणारे आणि माणसाला न भिणारे. त्यांना मारणं सोपं, आणि त्यांची जागा भरून निघायला काही दशकं लागतात.

रॉन टेलर यांनी १९६५ साली ताहितीत भाल्याच्या शिकारीचं जागतिक अजिंक्यपद मिळवलं. त्यांची पत्नी व्हॅलेरी याही याच खेळातल्या विजेत्या. पाण्यात वर्षानुवर्षं जोडीने राहिलेल्या या दोघांना मासे कमी होताना सर्वांआधी दिसले. त्यांनी स्पर्धा सोडली, कॅमेरा उचलला आणि पुढचं आयुष्य भित्तीच्या व शार्कांच्या रक्षणासाठी वेचलं. उत्तम शिकाऱ्याची नजर उत्तम संरक्षकाची नजर होऊ शकते, याचं इतकं लख्ख उदाहरण दुसरं नाही.

मासेही शिकतात. ज्या भित्तीवर भाला चालतो तिथले मासे माणूस दिसताच दुरूनच पळतात. संरक्षित भागातले मासे त्याला पुष्कळ जवळ येऊ देतात. संशोधक हे अंतर मोजून त्या भित्तीवर शिकारीचा ताण किती आहे, याचा अंदाज बांधतात.

मर्यादा सुटली की

टाकी लावलेला शिकारी खोल कपारीपर्यंत जाऊ शकतो आणि तिथे तासभर थांबू शकतो. एका श्वासाच्या पलीकडचं खोल पाणी पूर्वी मोठ्या माशांचं आश्रयस्थान होतं. टाकीने ते संपवलं. म्हणून क्वीन्सलँड, बहामा, पलाऊ अशा अनेक ठिकाणी टाकी लावून भाला चालवायला बंदी आहे. अमेरिकन सामोआने ती २००१ साली आणली. बहामात तर स्पिअरगनही चालत नाही. हाताने ताणायचा साधा रबरी भालाच वापरावा लागतो.

दुसरी मर्यादा अंधाराची होती. पाण्यात चालणारी टॉर्च आली आणि तीही गेली. मोठा बंपहेड पोपट मासा सव्वा मीटरपेक्षा लांब वाढतो, वजन ४६ किलोपर्यंत जातं. चोचीने तो प्रवाळ आणि चुनखडी फोडून खातो आणि वाळू करून सोडतो. एक मोठा मासा वर्षाला पाच टनांहून अधिक भित्ती पोटातून काढतो, असं ग्रेट बॅरिअर रीफवर मोजलं गेलं आहे. दिवसा तो अतिशय सावध असतो. रात्री मात्र त्याचे कळप उथळ पाण्यात गाढ झोपतात. सॉलोमन बेटांत आणि फिजीत टॉर्च घेतलेल्या शिकाऱ्यांनी असे कळपच्या कळप एका रात्रीत टिपले आणि कित्येक ठिकाणांहून हा मासा जवळजवळ नाहीसा झाला. पलाऊने या माशाच्या शिकारीवर पूर्ण बंदी घातली. कॅरिबियनमध्ये १९८३-८४ साली रोगाने काळ्या लांब काट्यांचे समुद्री सायाळ मोठ्या प्रमाणावर मेले. तेव्हापासून भित्तीवरचं शेवाळ चरून प्रवाळाला जागा मोकळी ठेवण्याचं काम मुख्यतः पोपट माशांवर येऊन पडलं. बेलीझने २००९ साली पोपट मासे पकडण्यावरच बंदी घातली, ती यासाठीच. शेवाळ वाढलं की प्रवाळाच्या पिल्लांना बसायला जागा मिळत नाही, आणि प्रवाळ गेलं की बाकीचे मासेही जातात.

बोनेरचा अपवाद

हान्स हास ज्या बोनेरला भाला घेऊन गेला, त्या बेटाने १९७१ साली भाल्याच्या मासेमारीवर बंदी घातली. १९७९ साली बेटाभोवतीच्या ६० मीटर खोलीपर्यंतच्या समुद्राचं उद्यान झालं. पण २००९ साली तिथे लायनफिश दिसला. हा हिंदी आणि प्रशांत महासागरातला मासा. आपल्या अंदमान-लक्षद्वीपच्या पाण्यात तो स्वाभाविक आहे, त्याचे शत्रू आणि स्पर्धक तिथे आहेत. अटलांटिकमध्ये तो १९८५ साली फ्लोरिडाजवळ पहिल्यांदा नोंदला गेला. बहुधा मत्स्यालयांतून सुटलेला. पुढे तो सगळ्या कॅरिबियनमध्ये पसरला. एक मादी वर्षाला २० लाखांपर्यंत अंडी घालते. तिथल्या लहान माशांना या परक्या शिकाऱ्याची ओळख नाही, ते त्याच्या पंखांसारख्या परांपासून पळतच नाहीत.

गळाला हा मासा सहसा लागत नाही. भाला हाच उपाय. तेव्हा बोनेरने आपल्या बंदीला एक नेमका अपवाद केला: प्रशिक्षण घेतलेल्या स्वयंसेवकांना खास आखूड भाला द्यायचा, आणि तो फक्त लायनफिशसाठी. जिथे अशी शिकार नेमाने झाली तिथे लायनफिशचं प्रमाण बाकीच्या भागांपेक्षा कमी राहिलं, असं बोनेर आणि क्युरासावमध्ये झालेल्या पाहण्यांत दिसलं. इथेही जोडीदार लागतोच. माशाच्या अंगावर १८ विषारी काटे असतात. एकाने टोचायचं आणि दुसऱ्याने जाड नळकांडं पुढे धरून तो आत घ्यायचा. काटा लागला तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात धरायचा, कारण हे विष प्रथिनांचं असतं आणि उष्णतेने निकामी होतं.

ताटात येण्याआधी

उष्ण कटिबंधातल्या भित्तीवरच्या माशांना सिग्वाटेरा नावाच्या विषबाधेचा धोका असतो. मेलेल्या प्रवाळावरच्या शेवाळात राहणारे सूक्ष्म जीव हे विष तयार करतात. लहान मासे शेवाळ खातात, मोठे त्यांना खातात आणि विष वर वर साठत जातं. त्याला चव नाही, वास नाही. शिजवून, तळून, गोठवून ते जात नाही. उलट्या-जुलाबानंतर हातापायांना मुंग्या येतात, आणि थंड वस्तू हातात घेतली तर चटका बसल्यासारखं वाटतं. १७७४ साली कॅप्टन कुकच्या जहाजावरच्या माणसांनी आजच्या वानुआटूच्या बेटांजवळ हा त्रास भोगला होता. क्वीन्सलँडमधल्या प्लॅटिपस बे या उपसागरात आपल्या सुरमईच्या जातीचा मासा धरायला याच कारणाने बंदी आहे. म्हणून जाणते शिकारी स्थानिक कोळ्यांना विचारल्याशिवाय मोठा मासा मारत नाहीत. मोठा सोडून मध्यम घेणं हे भित्तीसाठी बरं आणि पोटासाठीही.

आपल्यासाठी

आपल्यातले फार थोडे जण कधी भाला घेऊन प्रवाळभित्तीवर उतरतील. पण मालवणला, लक्षद्वीपला, अंदमानला स्नॉर्केलिंग करणारे हजारो आहेत. आणि गावच्या विहिरीत, शहरातल्या तरणतलावात 'कोण जास्त वेळ खाली राहतं' अशी पैज लावणारी मुलं तर घरोघरी आहेत. वर सांगितलेलं दमाचं गणित त्यांनाही जसंच्या तसं लागू आहे. भराभर श्वास घेऊन बुडी मारलेलं मूल छातीएवढ्या पाण्यातही शुद्ध हरपू शकतं, आणि काठावरच्यांना ते अजून दम धरून बसलं आहे असंच वाटतं.

म्हणून मुलांना पोहायला शिकवताना हात-पाय मारण्याबरोबर ही एक गोष्ट शिकवायला हवी: एकाच वेळी दोघांनी बुडी मारायची नाही. आधी भराभर श्वास घ्यायचे नाहीत. एक जण खाली असेल तेव्हा दुसऱ्याने फक्त त्याच्याकडे पाहायचं, तो वर आल्यावरही अर्धा मिनिट पाहायचं, आणि मगच आपली पाळी घ्यायची. यासाठी ना उपकरण लागतं, ना पैसा. पाळी येईपर्यंत थांबू शकणारा एक मित्र लागतो, आणि असा मित्र होणं कुणालाही शिकता येतं.